परसातली पाखरे आणि छायाचित्राची किंमत

वसईच्या पश्चिम पट्ट्यातील निर्मळ, गास, भुईगाव, गिरीज, नंदाखाल, आगाशी या गावांच्या वाड्यांतून आणि त्यांना खेटून उभ्या राहिलेल्या इमारतींच्या सज्जांतून एक नवी हौस मूळ धरू लागली आहे. शेवग्याच्या नाही तर आंब्याच्या फांदीला नारळाची करवंटी टांगावयाची, तीत बाजरी किंवा तांदळाची कणी घालावयाची, शेजारी मातीची परळ पाण्याने भरून ठेवावयाची आणि खिडकीच्या पडद्याआड कॅमेरा रोखून बसावयाचे. पाखरू आले की कळ दाबावयाची. शाळामास्तर, बँकेतले कारकून, निवृत्त रेल्वे कर्मचारी आणि महाविद्यालयीन मुले यांच्यात ही हौस विशेष दिसते. ती निरुपद्रवी आहे असा सर्वसाधारण समज आहे आणि तो बऱ्याच अंशी खराही आहे. तथापि ज्या वस्तूची किंमत घेणाऱ्याला पडत नाही, तिची किंमत दुसरे कोणी तरी मोजत असते, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक नियम पाखरांच्या छायाचित्रांनाही लागू पडतो. या हौसेचा विचार त्या अंगाने फारसा होत नाही.

पाखरांना दाणापाणी घालण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. पितृपक्षात कावळ्यासाठी काढलेला घास, नवान्नाच्या वेळी दाराला बांधलेल्या भाताच्या लोंब्या, ओटीवर सूप पाखडताना खाली पडू दिलेली कणी, उन्हाळ्यात विहिरीच्या काठी भरून ठेवलेली डोणी, हे सारे त्याच रीतीचे प्रकार होत. त्यांत घालणाऱ्याची पाखराकडून काही अपेक्षा नव्हती. चिमणी आली तर बरे, न आली तरी लोंब्या दाराला शोभतच. कॅमेरा आला आणि या दानाला देवघेवीचे रूप आले. घालणारा आता मोबदला मागतो. मोबदला मागण्यात गैर काही नाही, पण देवघेव म्हटली की तिच्यात वाजवी काय आणि गैरवाजवी काय, हा प्रश्न आपोआप येतो.

पक्षिछायाचित्रणाचा पूर्वेतिहास पाहिला तर ही देवघेव पूर्वी फारच एकतर्फी होती असे आढळते. इंग्लंडमधील रिचर्ड आणि चेरी कीर्टन या बंधूंनी १८९२ साली अंड्यांसह घरट्याचे छायाचित्र घेतले. पुढे पाखरांना माणसाचा संशय येऊ नये म्हणून बैलाचे कातडे पोकळ सांगाड्यावर चढवून त्याच्या पोटात बसून चित्रे घेण्यापर्यंत त्यांची मजल गेली. आपल्याकडे ई. एच. एन. लोथर यांचे भारतातील पक्षिछायाचित्रणावरील पुस्तक १९४९ साली आले. सिंगापूरचे चित्रपटव्यावसायिक लोक वान थो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात आले, डॉ. सालिम अलींचे स्नेही झाले, त्यांच्याबरोबर कच्छ, काश्मीर, सिक्कीम असे हिंडले, आणि १९५७ साली ‘अ कंपनी ऑफ बर्ड्‌स’ हा त्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला. या सर्वांच्या चित्रांत घरटी पुष्कळ असतात. कारण उघड आहे. भिंगे आखूड पल्ल्याची, फिल्म मंद, आणि पाखरू हमखास परत येते असे ठिकाण एकच, ते म्हणजे घरटे. घरट्याजवळ मचाण बांधावयाचे, आड येणाऱ्या डहाळ्या दूर करावयाच्या आणि वाट पाहावयाची. डहाळ्या दूर झाल्या की घरटे कॅमेऱ्याला दिसते, तसे ते कावळ्यालाही दिसते. आज अनेक स्पर्धा घरट्यांची छायाचित्रे स्वीकारीत नाहीत, ते याच कारणाने.

परसातील परळ आणि करवंटी यांचे खरे महत्त्व येथे लक्षात येते. थोडे गणित केले तर ते अधिक स्पष्ट होईल. बुलबुल चोचीपासून शेपटीपर्यंत सुमारे २० सेंटिमीटर असतो. तो १० मीटरवर बसला असेल आणि कॅमेऱ्याला ५० मिलिमीटरचे साधे भिंग असेल, तर फिल्मवर वा आजच्या संवेदकावर त्याची प्रतिमा जेमतेम १ मिलिमीटर उमटते. चित्रात तो ठिपकाच राहतो. ४०० मिलिमीटरचे भिंग लावले तर तीच प्रतिमा ८ मिलिमीटर होते. पण असे भिंग मध्यमवर्गीयाच्या कित्येक महिन्यांच्या पगाराला भारी पडते. आता तोच बुलबुल परळीवर पाणी पिण्यास ३ मीटरवर आला, तर २०० मिलिमीटरच्या बेताच्या भिंगातही त्याची प्रतिमा १३-१४ मिलिमीटर भरते. म्हणजे कुंभाराकडची परळ लाखाच्या भिंगाचे काम करते. शिवाय पाखरू आपल्या मर्जीने आलेले असते, त्याला निघून जाण्याची मोकळीक असते, त्याच्या अंड्यापिलांचा या व्यवहाराशी संबंध नसतो. देवघेव इतकी सरळ क्वचितच असते.

मग अडचण कोठे आली? ती आली कॅमेऱ्याच्या बदललेल्या अर्थकारणातून. फिल्मच्या काळात प्रत्येक चित्राला किंमत होती. घरोघरी असलेल्या ‘क्लिक-थ्री’ कॅमेऱ्याच्या गुंडाळीत १२ चित्रे बसत, ३५ मिलिमीटरच्या गुंडाळीत ३६. त्यावर धुलाई आणि छपाईचा खर्च वेगळा. साहजिकच हौशी माणूस दहा वेळा विचार करी आणि मग एकदा कळ दाबी. डिजिटल कॅमेऱ्यात भांडवली खर्च मोठा, पण पुढच्या प्रत्येक चित्राचा सीमान्त खर्च जवळजवळ शून्य. सेकंदाला १० किंवा २० चित्रे घेणारे कॅमेरे आज हौशी लोकांच्या हाती आहेत. खिशाला चाप नसला की संयमालाही नसतो. पाखरू एकदा दिसल्याने भागत नाही. ते समोरच्याच फांदीवर, डाव्याच अंगाने, सकाळच्या सोनेरी उन्हातच बसावयास हवे असते. तसे ते बसावे म्हणून आणखी दाणे, आणखी जवळ, आणखी वेळ. आणि एवढ्यानेही न जमले तर भ्रमणध्वनीवर त्याच जातीच्या नराची साद वाजवावयाची. विणीच्या दिवसांत दयाळाला ही साद म्हणजे आपल्या हद्दीत शिरलेला शत्रू वाटतो. तो सर्व कामे टाकून त्या न दिसणाऱ्या शत्रूशी झुंजावयास येतो. चित्र उत्तम येते. पिलांना त्या वेळात चारा मिळालेला नसतो, हे चित्रात दिसत नाही.

गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या लाँचवर हिवाळ्यात जे चालते, ते याच वृत्तीचे ढोबळ रूप आहे. उतारू कुरवांना वेफर्स आणि फरसाण फेकतात, कुरव हवेत झेपावतात, पंचवीस भ्रमणध्वनी एकदम वर होतात. हजारो मैल उडून आलेल्या, मासे खाणाऱ्या पाखराला तिखटमिठाचे तळण खाऊ घालून त्याचे चित्र काढणे याला पक्षिप्रेम म्हणावयाचे असेल, तर त्या शब्दाचा अर्थ एकदा तपासून घ्यावा लागेल. परसातही शिळी पोळी, मिठाचा भात, पावाचे तुकडे, शेव हे पदार्थ सर्रास ठेवले जातात. बाजरी, राळे, कणी, फार तर पपईची किंवा पिकल्या केळ्याची फोड, याहून अधिक पाखराला काही लागत नाही.

पाश्चात्त्य देशांत परसातील पाखरांना खाऊ घालणे हा मोठा उद्योग झालेला आहे. ब्रिटनमध्ये १९७९ पासून दर जानेवारीत बागेतील पाखरांची गणना होते. तेथील दाणापात्रांचा पाखरांवर काय परिणाम झाला, याचा अभ्यासही झाला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, ब्रिटनमधील ‘ग्रेट टिट’ या छोट्या पाखराची चोच नेदरलँड्समधील त्याच्या भाईबंदांपेक्षा लांब होत गेल्याचे आणि दाणापात्रांचा त्याच्याशी संबंध असू शकल्याचे दाखविण्यात आले. हे कुतूहलाचे झाले. गंभीर प्रकरण ‘ग्रीनफिंच’चे. २००५-०६ च्या सुमारास एका परोपजीवी जंतूची साथ तेथे आली. पाखरे एकाच पात्रात चोच घालीत, लाळ मिसळलेले दाणे-पाणी दुसऱ्याच्या पोटात जाई, आणि एके काळी प्रत्येक बागेत दिसणाऱ्या या पाखराची संख्या निम्म्याहून खाली आली. २०२१ साली त्याचे नाव तेथील धोक्यात आलेल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेले. ज्यांच्या पात्रांतून रोग पसरला, ते सारे पाखरांवर माया करणारेच लोक होते.

आपल्याकडे या गोष्टीला आणखी एक फाटा आहे, तो पारव्यांचा. दाणे उघडे आणि भरपूर ठेवले की चार दिवसांत पारवे येतात, आठ दिवसांत दुसरे कोणीही येईनासे होते. पारव्यांच्या विष्ठेने आणि पिसांच्या धुळीने फुप्फुसांचे विकार बळावतात, हे डॉक्टर वारंवार सांगत आले आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुंबई महापालिकेने दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला तेव्हा उठलेला गदारोळ वसईकरांनीही वाचला असेल. भूतदया आणि सार्वजनिक आरोग्य यांच्यातला तो झगडा इमारतीच्या प्रत्येक सज्जात लहान प्रमाणावर होऊ शकतो. मुंबईकडून बिऱ्हाड हलवून वसईत आलेल्या कुटुंबाने चिमण्यांसाठी ठेवलेले पात्र पारव्यांचे होते आणि वरच्या मजल्यावरील दमेकऱ्याशी भांडण जुंपते. मूठभर दाणे, तेही सकाळीच, आणि चिमणीचीच चोच जाईल इतक्या भोकाचे टांगते पात्र, एवढी दक्षता घेतली तर हा प्रसंग टळतो.

पण याहूनही मूलभूत मुद्दा वेगळा आहे. इंग्लंडच्या हिमात पाखरू दाण्यावाचून मरते. वसईत ते तसे मरत नाही. येथील बागेतील पाखरांपैकी दाणे खाणारी थोडी: चिमणी, मुनिया, सुगरण, होला. शिंजीर मध पितो, तांबट आणि बुलबुल फळे खातात, दयाळ, शिंपी, नाचण, सातभाई किड्यांवर जगतात, भारद्वाज गोगलगायी आणि सरडे वेचतो. त्यांना करवंटीतल्या बाजरीशी काही देणेघेणे नसते. मार्च ते मे या महिन्यांत त्या सर्वांना हवे असते ते पाणी. ज्याला खरोखरच नाना जातींची चित्रे हवी आहेत, त्याने दाणे बेताचे आणि पाणी नेमाने ठेवावे. परळ उथळ असावी, पाणी रोज बदलावे म्हणजे रोगही पसरत नाही आणि डासही होत नाहीत, आणि जवळच मांजराला दबा धरता येईल असे झुडूप नसावे. परळीशेजारी एखादी वाळकी फांदी रोवली की पाखरू पाण्यावर उतरण्याआधी क्षणभर तिच्यावर बसते. उत्तम चित्र त्या क्षणी मिळते.

आणि झाडे. वसईची जुनी वाडी हेच मुळी एक मोठे दाणापात्र होते. केळफुलातला मध शिंजिराला, घडावर पिकलेले केळे बुलबुलाला, उंबर तांबटाला, शेवग्याचा आणि जास्वंदीचा बहर सगळ्यांनाच. वाडवळ, सामवेदी, पाचकळशी, पानमाळी या समाजांनी पिढ्यान् पिढ्या केळी, विड्याची पाने, भाजीपाला आणि फुले पिकवून मुंबईच्या बाजारी पाठविली. राजेळी केळ्यांची सुकेळी ही तर वसईची ओळख. वाडीला पाणी मिळावे म्हणून त्यांनी बावखले खणली. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचे खोल तळे. पावसाळ्यात भरते, भूजल टिकवते, उन्हाळ्यात शिंपण्याला उपयोगी पडते. बावखलाच्या काठी खंड्या, पाणकोंबडी, वंचक यांचा मुक्काम असतो. खिडकीत बसलेल्या छायाचित्रकाराच्या समोर येणारे पाखरू रात्री कोठे तरी झोपते, कोठे तरी घरटे करते. ते ठिकाण म्हणजे ही वाडी आणि हे बावखल.

त्याचे काय होत आहे, हे वेगळे सांगावयास नको. वसई-विरार महापालिका ३ जुलै २००९ रोजी अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर गेलेली होती. त्यापूर्वीच, गेल्या शतकाच्या अखेरच्या दीड दशकात, हिरवा पट्टा बांधकामाला खुला होऊ लागला होता आणि विहिरींचे पाणी टँकरने उपसले जात होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने त्याविरुद्ध उभारलेला लढा महाराष्ट्राच्या पर्यावरण चळवळीत नोंदला गेला आहे. त्या लढ्यामुळे पश्चिमेचा पट्टा पुष्कळसा टिकला. पण बावखले मात्र एकेक करून बुजत गेली. जुलै २०१८ मध्ये वसई पाण्याखाली गेली तेव्हा पाणी साठविणारी सखल जागा किती मोलाची होती, याची पुष्कळांना आठवण झाली.

येथे देवघेवीचा हिशेब पूर्ण होतो, आणि तो वाडीवाल्याच्या बाजूने तोट्याचा आहे. घडातली केळी बुलबुलाने टोचली तर नुकसान वाडीवाल्याचे. बावखलाचा गाळ काढावयाचा तर खर्च वाडीवाल्याचा. जमीन न विकल्यामुळे सोडून द्यावा लागणारा पैसाही त्याचाच. त्या वाडीत वाढलेले पाखरू शेजारच्या चौथ्या मजल्यावरच्या सज्जात येते आणि त्याचे चित्र काढून बक्षीस मिळवतो तो भलताच. अर्थशास्त्रात याला बाह्य लाभ म्हणतात. ज्याच्यामुळे लाभ होतो त्याला त्याचा मोबदला मिळाला नाही, तर तो लाभ निर्माण करण्याचे केव्हा तरी सोडून देतो. पुणे जिल्ह्यात उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला कोळी बांधव छायाचित्रकारांना होडीतून रोहित दाखवतात आणि त्यांना त्यातून मिळकत होते. तेथे निदान पाखरू आणि त्याचा शेजारी माणूस यांच्या हितसंबंधांत मेळ बसला आहे. वसईत तो बसलेला नाही. बावखल राखणाऱ्या मालकाला घरपट्टीत सवलत आणि गाळ काढण्यासाठी अनुदान, एवढे जरी महापालिकेने दिले, तरी आरंभ म्हणून ते पुरे होईल. त्याचा बोजा एखाद्या उद्यानाच्या सुशोभीकरणाहून अधिक खात्रीने नसेल.

अभयारण्यात तरी कायदा आहे. पूर्वेच्या डोंगरावरील तुंगारेश्वर २००३ साली अभयारण्य झाले. तेथील छायाचित्रणाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची बंधने लागू आहेत आणि २०२२ च्या दुरुस्तीने अधिवासात बदल न करण्याची अटही त्यात घातली गेली. परसात असा पहारेकरी नाही. पोपट किंवा मुनिया पिंजऱ्यात डांबणे तेवढे गुन्हा ठरते. साद वाजवून दयाळाला दमविण्याबद्दल कोणी जाब विचारीत नाही.

असे असूनही या हौसेला नावे ठेवून भागणार नाही. तिचा एक उपयोग असा आहे की जो दुसऱ्या कशाने होत नाही. तारीख, वेळ आणि ठिकाण यांसह घेतलेले छायाचित्र हा पुरावा असतो. २०२३ सालचा भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल सुमारे ३० हजार हौशी निरीक्षकांच्या नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ जातींचा विचार झाला. ज्या ३३८ जातींचा दीर्घ मुदतीचा कल सांगता आला, त्यांपैकी २०४ जातींची घट झालेली आढळली. चिमणीचीच गोष्ट घ्यावी. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २० मार्च हा दिवस २०१० पासून जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जातो. चिमणी सर्वत्र नाहीशी होत आहे असे तोपर्यंत गृहीतच धरले जात होते. २०२० च्या अहवालाने दाखविले की देशभरात ती बरीचशी स्थिर आहे आणि मोठ्या शहरांत मात्र घटते आहे. हा भेद कळला तो नोंदींमुळे. वसई ही धड खेडे नाही आणि धड महानगरही नाही. येथे चिमणी कोणत्या बाजूला आहे, याचे उत्तर वाड्यांतल्या आणि सज्जांतल्या कॅमेऱ्यांनाच देता येईल. त्यासाठी सोनेरी उन्हातले चित्र लागत नाही. धूसर चालते, पण तारीख खरी हवी.

दर फेब्रुवारीत चार दिवस परसातील पाखरांची जागतिक गणना होते. भारत तीत २०१३ पासून भाग घेतो. किमान १५ मिनिटे एका जागी उभे राहून दिसतील ती पाखरे मोजावयाची, इतके ते सोपे आहे. महाविद्यालयांच्या आवारांसाठी तिचाच एक वेगळा भाग असतो. हळद्या, परीट यांसारखे हिवाळी पाहुणे तेव्हा अजून गेलेले नसतात. वसई-विरारमधील शाळा-महाविद्यालयांनी प्रत्येकी एक बावखल वाटून घेतले आणि वर्षातून चारदा त्याच्या काठची पाखरे मोजून त्यांची छायाचित्रे ठेवली, तर पाचसात वर्षांत महापालिकेपुढे आणि प्रसंगी न्यायालयापुढे ठेवता येईल असा दस्तऐवज तयार होईल. तो लोकांना दाखविण्यासाठी सभागृह भाड्याने घेण्याचेही कारण नाही. निर्मळला कार्तिकात मोठी यात्रा भरते. सुकेळीच्या दुकानांशेजारी एखादा मांडव घालून त्यात ही चित्रे, प्रत्येकीखाली पाखराचे, बावखलाचे आणि वाडीच्या मालकाचे नाव लिहून, टांगता येतील.